टपालपेटीची किल्ली

आज सकाळी पडदा सारला तर समोरचं पाणी गायब. खालिद लगूनला आमच्या घरात तळं म्हणतात. त्या तळ्यावर, पलीकडच्या इमारतींवर, खालच्या रस्त्यावर सगळीकडे धुकं बसलं होतं. आमचा तेरावा मजला. खाली रस्ता आहे एवढं फक्त हॉर्नवरून कळत होतं. मेधानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, चहाचा कप हातात दिला आणि म्हणाली, "आलं बघा तुमचं धुकं." तुमचं! शारजात एवढी वस्ती, पण धुकं पडलं की ते माझ्या नावावर. तिचं बरोबरच आहे.

आखातात एकच ऋतू, असं कल्याणला आमच्या नातेवाइकांना वाटतं. त्यांना काय सांगायचं! फेब्रुवारीतले हे दोन-तीन आठवडे इथे राहिल्याशिवाय कळत नाहीत. सकाळी गाडीच्या टपावरून पाणी निथळत असतं, बाल्कनीतले कपडे रात्रीपेक्षा जास्त ओले होतात, आणि हवेला खारट, डिझेलचा, ओल्या वाळूचा असा एकत्र वास येतो. माझ्या कामाच्या वाटेवर, हमरियाच्या रस्त्यावर, ट्रकवाले चारही दिवे लुकलुकवत मुंगीच्या चालीनं जातात. पुढचा माणूस कोण, कुठे चाललाय, थांबलाय की हळू झालाय, काहीच उमगत नाही. माझ्यासारख्या माणसाला ही हवा फार मानवते, हेच वाईट.

मी संशयी आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला कुणी धरायला नको. कल्याणला भाजीवाला तराजू धरायचा तेव्हा माझं लक्ष भाजीकडे नसायचं, त्याच्या करंगळीकडे असायचं. लग्न ठरताना मेधाच्या वडिलांनी माझ्या सगळ्या अटी एका दमात मान्य केल्या, तर मला आठवडाभर झोप नाही. एवढ्या चटकन हो म्हणाले म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. मुरत काही नव्हतं. ते गृहस्थ मुळातच सरळ होते.

पण २००८ च्या मंदीनं माझ्या या स्वभावाला प्रतिष्ठा मिळवून दिली. त्याआधी लोक मला हसायचे, त्यानंतर विचारायला यायला लागले. दुबईतल्या क्रेन जागच्या जागी थांबल्या. लोक सुट्टीला जातो म्हणून गेले ते गेलेच. आमच्या इमारतीखालच्या सुपरमार्केटच्या दाराशी एक फळा आहे, त्यावर चिठ्ठ्या लागायच्या. सोफा विकणे आहे, मुलांची सायकल विकणे आहे, वॉशिंग मशीन, अगदी नवं. मी रोज संध्याकाळी दूध आणायच्या निमित्तानं तो फळा वाचायचो. अक्षरावरून कोण जातंय ते ओळखायला लागलो होतो. पाचव्या मजल्यावरच्यांनी पाळणा विकायला काढला तेव्हा मी मेधाला म्हटलं, यांचाही व्हिसा गेला. तीन दिवसांनी ते निरोप घ्यायला आले. मला बरोबर ठरल्याचा आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाज आजही वाटते.

इथलं सगळं घर त्या एका व्हिसावर उभं असतं. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की महिन्याभरात गाशा गुंडाळायचा. माझी नोकरी हमरिया फ्री झोनमध्ये, वॉल्व्ह बनवणाऱ्या एका छोट्या इटालियन कारखान्यात. मी तिथला ॲडमिन. व्हिसाचे कागद, विम्याचे कागद आणि टपाल माझ्याकडे. इथे पोस्टमन दारात येत नाही. प्रत्येक कंपनीची पोस्टात एक पेटी, तिला एक नंबर, आणि पत्र येतं ते त्या पेटीत. आमच्या पेटीची किल्ली माझ्या कमरेच्या जुडग्यात. ती नुसती किल्ली, पण तिचा मला रुबाब होता. साहेबाला काय येतं ते साहेबाच्या आधी मला कळायचं.

साहेबाचं नाव रेनातो. उंच, वाकलेला, पन्नाशी ओलांडलेला, कोपरं झिजलेला कोट घालणारा. मंदीत आजूबाजूचे कारखाने माणसं काढत होते, यानं एकालाही काढलं नाही. सगळ्यांना आठवड्यातून चारच दिवस बोलावलं, स्वतःसकट. परकारभाई, म्हणजे आमचे रत्नागिरीचे स्टोअरकीपर, म्हणाले, असा मालक नशिबानं मिळतो, प्रधानसाहेब. मी म्हटलं, थांबा जरा. एवढा चांगुलपणा म्हणजे आतून काहीतरी शिजतंय.

शिजत होतं खरंच. मंदीला चार वर्षं होऊन गेली होती, थोडं सावरल्यासारखं वाटत होतं, आणि तेव्हाच रेनातोचं वागणं बदललं. केबिनचं काचेचं दार लागायला लागलं. फोनवर तासतास इटालियन. गुरुवारी दुपारी चारच्या ठोक्याला तो निघायचा आणि दुबईत अल बर्शाला जायचा. तिथे साल्वो नावाचा त्याचा मित्र कॉफीची मशिनं विकायचा, त्याच्या दुकानात दहा-पंधरा इटालियन जमायचे. एकदा मी कागदावर सही घ्यायला तिथे गेलो. बारा दिरहमची कॉफी, म्हणजे तेव्हाचे पावणेदोनशे रुपये, मला फुकट पाजली त्यांनी, आणि मी आत आल्याबरोबर सगळे गप्प झाले. निदान मला तसं वाटलं. केबिनमधल्या पांढऱ्या फळ्यावर, उत्पादनाच्या आकड्यांच्या शेजारी, रेनातोनं दोन ठिपके काढून मध्ये एक गोल काढला होता आणि खाली इंग्रजीत लिहिलं होतं: पुसू नये. मी त्या गोलाकडे आठवडाभर बघत होतो. कारखान्याचे दोन भाग करून मधला विकणार, एवढाच अर्थ मला लागत होता.

माझ्या या विचाराला कारण होतं, उगाच नव्हतं. आमच्या शेजारच्या शेडमध्ये ॲल्युमिनियमच्या चौकटी बनायच्या. तिथला मालक परदेशी, हसतमुख, येताजाता हात हलवणारा. त्याचं टपालही शेजारधर्म म्हणून मीच आणायचो. एक दिवस त्याच्या दूतावासाचं जाडजूड पाकीट आलं, ते मीच त्याच्या हातात दिलं. तो शुक्रन म्हणाला, म्हणजे आभारी आहे, आणि खांद्यावर थोपटलं. त्याच आठवड्यात गुरुवारी तो गेला, आणि रविवारी, तेव्हा आमचा रविवार कामाचा असे, शेडला कुलूप होतं. कामगार फुटपाथवर ओळीनं बसलेले, पासपोर्ट आतल्या तिजोरीत. त्यांच्यातल्या एकानं मला विचारलं, भाईसाब, आपको तो मालूम होगा. मला माहीत नव्हतं. पण त्या दिवसापासून दूतावासाचं जाड पाकीट म्हटलं की मला फुटपाथवरची ती ओळ दिसायची.

आणि त्या धुक्याच्या मोसमात, एका सोमवारी सकाळी, आमच्या पेटीत अकरा पाकिटं. सगळी सारखी, सगळी जाड, सगळी इटालियन वकिलातीची. एक रेनातोच्या नावाचं, एक साल्वोच्या नावाचं, बाकीची नऊ मी कधी न ऐकलेल्या माणसांची, आणि पत्ता आमच्या पेटीचा. मी पोस्टाबाहेर गाडीत बसून राहिलो. काचेबाहेर पांढरं, आत मी आणि ती अकरा पाकिटं. नऊ अनोळखी माणसं आमच्या कंपनीच्या पत्त्यावर कशी? नवे भागीदार? विकत घेणारे? आमची ईशा तेव्हा दहावीला. बोर्डाची परीक्षा तीन आठवड्यांवर. आता जर कुलूप लागलं तर मुलीचं वर्ष गेलं, हे माझ्या डोक्यात असं बसलं की दुसरं काही सुचेना.

मी पाकिटं फोडली नाहीत. तेवढा मी सभ्य आहे. मी ती माझ्या टेबलाच्या खालच्या खणात ठेवली, वर जुन्या विम्याच्या फायली ठेवल्या आणि खणाला कुलूप घातलं. दोन दिवस अंदाज घेऊ, मग देऊ, असं ठरवलं. संशयी माणसाचे दोन दिवस कधी दोन नसतात.

रेनातो दुसऱ्या दिवसापासून विचारायला लागला. सकाळी आला की कोट काढायच्या आधी, "मिस्टर प्रधान, पोस्ट?" मी म्हणायचो, नो सर, धुक्यामुळे सगळं उशिरा येतंय. तो मान हलवायचा, ओके म्हणायचा आणि आत जायचा. रोज. आणि तो जितक्या काकुळतीनं विचारायचा तितका माझा संशय वाढायचा. एवढी घाई कसली या माणसाला? घरी मेधा विचारायची, जेवणात लक्ष का नाही. ईशाला मी म्हटलं, या धुक्यात मला काही धड दिसत नाही. ती पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट फॉग."

पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी साल्वो कारखान्यात आला. बुटका, टकलू, डोळे सतत फिरते. माझ्याच जातीचा माणूस, हे मी बघताक्षणी ओळखलं. केबिनचं दार उघडंच राहिलं होतं. दोघं इटालियनमध्ये कडाकडा भांडत होते आणि त्यात दोनदा माझं नाव आलं. मला काढायचं की नाही यावरून वाजलंय, अशी माझी खात्री झाली. मग रेनातो बाहेर आला, साल्वो त्याच्या मागे. रेनातो इंग्रजीत, मुद्दाम हळू, म्हणाला, "मिस्टर प्रधान, याला सांग. पोस्ट आली का?"

माझ्या मांडीला खणाचं हँडल टोचत होतं. मी म्हटलं, "नो सर."

साल्वो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता. त्याची नजर माझ्या कमरेच्या जुडग्यावर होती. तो म्हणाला, आत्ताच्या आत्ता पोस्टात जाऊ आणि पेटी उघडून बघू. रेनातोचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, तो त्या दिवशी चढला. "मी माझ्या माणसांचे खिसे तपासत नाही," तो म्हणाला. साल्वो निघून गेला. त्याची गाडी फाटकापासून दहा पावलांवर धुक्यात दिसेनाशी झाली.

शुक्रवारी जेवताना मी शेवटी मेधाला सगळं सांगितलं, फक्त खणाचं सोडून. कारखाना विकतोय, फळ्यावर गोल आहे, ते लोक भांडतायत. तिनं आमटी वाढता वाढता ऐकून घेतलं. "अहो, त्यांना सरळ विचारायला तुमचं काय जातं?" एवढंच म्हणाली. इतकी साधी गोष्ट. बारा दिवसांत मला सुचली नव्हती.

रविवारी मी केबिनमध्ये गेलो आणि विचारलं. सर, आपण बंद करणार आहात का? रेनातोनं हातातलं पेन खाली ठेवलं. मग हसला, आणि उठून फळ्यापाशी गेला. हा डावा, तो म्हणाला, एका ठिपक्यावर बोट ठेवून. हा उजवा. दोघं वीस वर्षं एकमेकांवर ओरडतायत, आणि मंदी आली तेव्हाही ओरडतच होते. मग एका प्राध्यापकानं, काही छोट्या कारखानदारांनी, काही शिक्षकांनी मिळून हा मधला पक्ष काढला. न ओरडणारा. एका वर्षात एवढा वाढला की टीव्हीवाले बोलवायला लागले. त्या गोलावरून त्याचा हात आपल्या पोरानं काढलेलं चित्र दाखवावं तसा फिरत होता. इटलीची निवडणूक होती. परदेशातल्या इटालियन माणसाला घरी मतपत्रिका येते, ती भरून टपालानं वकिलातीत परत पाठवायची. इथे घरी टपाल येत नाही, म्हणून दहा मित्रांनी आमच्या पेटीचा पत्ता दिला होता. साल्वो म्हणत होता, वकिलातीत जाऊन दुसऱ्या प्रती मागू. रेनातो म्हणाला, मी त्याला सांगितलं, नको, आमचा माणूस रोज बघतो, येतील. मुदत गुरुवारी संपली.

मी बाहेर गेलो, पोस्टात जायचं नाटक केलं, गाडी फ्री झोनला एक फेरी मारून परत आणली, आणि खणातली अकरा पाकिटं त्याच्या टेबलावर ठेवली. आजच आली, म्हटलं. त्यानं ती सारखी केली, पत्त्यांच्या कॅटसारखी. प्रत्येकावर तारखेचा शिक्का होता, ठसठशीत. त्यानं एकदाही शिक्का पाहिला नाही. साल्वोनं सगळ्यात आधी तोच पाहिला असता. "खलास," रेनातो म्हणाला, इथे आम्ही सगळेच म्हणतो तसं, आणि पाकिटं कपाटात ठेवून दिली.

कारखाना बंद झाला नाही. ईशाची परीक्षा झाली, चांगले गुण पडले, पेढे वाटले. रेनातोनं दोन खाल्ले. अकरा मतांनी इटलीत काही उलथापालथ झाली नसती, हे मी स्वतःला किती वेळा समजावलंय त्याला गणती नाही. पक्षाला बरी मतं मिळाली, थोडे लोक निवडून आले, पेपरात फोटो आला. पण अल बर्शाच्या त्या दुकानात ती अकरा मतं म्हणजे अर्धा पक्ष होता. साल्वो सगळ्यांसमोर म्हणाला, पाकिटं रेनातोच्या ऑफिसात दाबली गेली. रेनातो म्हणाला, तूच पत्ते वेळेवर कळवले नसशील. कुणीतरी म्हणालं, साल्वो आतून उजव्यांचाच आहे. दुसरं कुणी म्हणालं, रेनातोच डाव्यांचा. वीस वर्षांची दोस्ती, दोघांची लग्नं एकाच गावातली, सहा महिन्यांत ते एकमेकांना ओळख दाखवेनासे झाले. हे सगळं मला रेनातो सांगायचा, अधूनमधून, व्हिसाच्या कागदांवर सह्या करता करता. मी कागद पुढे सरकवत राहायचो.

तिकडे देशातही तसंच होत गेलं. आधी पक्षाचे काही लोक डावीकडे गेले, मग काही उजवीकडे. नाव बदललं, चिन्ह बदललं. ज्यानं पक्ष काढला त्यानंच राजीनामा दिला, कारण त्याला वाटलं बाकीचे त्याला विकतायत; बाकीच्यांना वाटलं तो त्यांना विकतोय. शेवटी दुसऱ्या कुणाच्या तरी यादीत खाली बारीक अक्षरात नाव यायचं, मग तेही बंद झालं. आमच्या फळ्यावरचा गोल मात्र होता. सफाईवाला बदलला की रेनातो नव्या माणसाला तो दाखवून सांगायचा, हे सोडून बाकी पूस. शाई फिकी पडत पडत नुसता डाग राहिला होता. पक्ष बुडाल्याचं दुःख मला होण्याचं काही कारण नव्हतं, मला त्याचं नावही धड म्हणता येत नव्हतं. पण तो डाग पाहिला की मला भडभडून यायचं. खरं सांगतो.

मेधाला खणाचं सांगितलं ते दोन वर्षांनी. तिनं टीव्ही बंद केला. मग म्हणाली, त्यांना सांगा. मी म्हटलं, नोकरी जाईल. ती म्हणाली, तुमची नोकरी वाचावी म्हणून त्यांचा मित्र तुटला. पण मग ईशाची बारावी आली, मग कॉलेज आलं. सांगू, सांगू म्हणत वर्षं गेली. आमच्यासारख्यांना कारणं कधी कमी पडत नाहीत.

मग रेनातो निवृत्त होऊन परत जायला निघाला. त्याची केबिन आवरायला मी मदत करत होतो. फेब्रुवारीच होता, बाहेर धुकं, सकाळचे दहा वाजले तरी दिवे लावलेले. कपाटाच्या तळाशी ती अकरा पाकिटं निघाली, तशीच बंद. त्यानं ती हातात घेतली आणि खुर्चीवर बसला. म्हणाला, पक्ष कसा संपला माहीत आहे? प्रत्येक जण दुसऱ्याच्या हाताकडे बघत होता. साल्वोसुद्धा. साल्वोचं त्याला फार लागलं होतं. त्याच्या मुलीच्या लग्नालाही हा गेला नव्हता.

मी केबिनचं दार लावून घेतलं आणि सांगितलं. पाकिटं सोमवारीच आली होती, माझ्या खणात तेरा दिवस होती, साल्वो खरं बोलत होता. शिक्का बघा, म्हटलं, तारीख आहे.

रेनातोचे डोळे भरून आले. पाकिटं त्यानं उलटी करून टेबलावर ठेवली. उठून माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले.

"तू भला माणूस आहेस, मिस्टर प्रधान," तो म्हणाला. "माझं आणि साल्वोचं जमावं म्हणून तू हे स्वतःवर घेतोयस. पण खोटं बोलणं तुला जमत नाही."

मी पुन्हा म्हटलं, सर, शिक्का. तो मान हलवत हसला आणि पाकिटं कचऱ्याच्या पिशवीत टाकली. मी ती बाहेर काढायला वाकलो, तर त्यानं माझा हात धरून मला उठवलं आणि कॉफी प्यायला घेऊन गेला. परत आलो तेव्हा सफाईवाला पिशवी नेऊन मोकळा झाला होता. जाता जाता त्यानं फळाही पुसला होता. हे सोडून, असं सांगायला कुणी नव्हतं.

आज गाडी चालवत हमरियाला पोचायला मला सव्वा तास लागला. वाटेत पोस्टात गेलो. पेटी उघडली, दोन बिलं होती, एक कॅटलॉग. पेटीत हात घातला की अजूनही मला आतून काहीतरी जाड लागेल अशी भीती वाटते. कारखान्यात आता नवा मॅनेजर आहे, तरुण, प्रत्येक गोष्टीची नोंद मागणारा, कुणावर सहज विश्वास न ठेवणारा. आल्या आल्या त्यानं सगळ्यांकडच्या किल्ल्या काढून घेतल्या. स्टोअरची परकारभाईंकडून घेतली, तीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाकडून. मी माझं जुडगं आधीच टेबलावर काढून ठेवलं होतं. खरं तर मला ते द्यायचंच होतं.

त्यानं टपालाची किल्ली जुडग्यातून वेगळी काढली आणि मला परत दिली. म्हणाला, रेनातोनं जाताना लेखी कळवलंय, ही तुमच्याकडेच राहू द्यायची.